मिशिगनमधलं लेकीचं मत आणि न्यू जर्सीतलं माझं

अबोली_एडिसन | १३ ऑक्टोबर २०२४, रात्री ९.४०

काल दसरा झाला. लेक फॉल ब्रेकसाठी अ‍ॅन आर्बरहून घरी आली आहे. जेवणं झाली, अंगणातल्या रेडबडची पानं सोनं म्हणून वाटून झाली आणि सगळे जरा टेकल्यावर तिने शांतपणे सांगितलं, "मी ग्रीन पक्षाच्या जिल स्टाइनला मत देणार आहे." अध्यक्षाच्या निवडणुकीतलं हे तिचं पहिलंच मत. नोंदणी तिने कॉलेजच्या पत्त्यावर केली आहे, म्हणजे मत मिशिगनमध्ये पडणार.

नवरा उठूनच उभा राहिला. "न्यू जर्सीत असतीस तर एक वेळ ठीक होतं, इथे डेमोक्रॅट जिंकणारच. पण कुठेही झुकू शकणाऱ्या मिशिगनमध्ये?" मी घरातली जुनी म्हण काढली, दगडापेक्षा वीट मऊ. त्यावर ती म्हणाली, "ज्याच्या डोक्यात पडते त्याला विचार ना, आई, वीट मऊ आहे का ते."

तिची रूममेट मिशिगनमधल्याच डिअरबॉर्नची आहे, तिचं आजोळ दक्षिण लेबनॉनमध्ये. गेले तीन आठवडे तिथे इस्रायलचे बॉम्ब पडत आहेत आणि ती मुलगी रात्ररात्र फोन हातात घेऊन बसते. आमची लेक तिच्या शेजारी बसलेली असते. त्यामुळे हे कॉलेजमधलं फॅड आहे असं मी म्हणू शकत नाही. फेब्रुवारीत मिशिगनच्या प्रायमरीत, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवायच्या मतदानात, एक लाखाहून जास्त लोकांनी 'अनकमिटेड'वर (कोणताच उमेदवार नाही) खूण केली होती, त्यात लेकही होती. तेव्हा तिला वाटलं होतं की कोणीतरी ऐकेल.

मी २०१४ला नागरिक झाले. २०१६ आणि २०२०, दोन्ही वेळा डेमोक्रॅटिक उमेदवाराला मत दिलं आणि फार विचार न करता दिलं. यंदाही हॅरिस यांनाच देणार आहे. पण लेकीला मी कुठल्या तोंडाने सांगू? माझे वडील सांगोल्याचे. जन्मभर शेकापला मत. दिल्लीत कोणाची लाट आहे, मुंबईत कोणाचं सरकार आहे, याच्याशी त्यांना देणंघेणं नव्हतं. गणपतराव देशमुख अकरा वेळा निवडून आले ते अशाच माणसांच्या जिवावर. "तुमचा पक्ष कधी सत्तेत येणार?" असं कोणी विचारलं की ते म्हणायचे, "जिंकणाऱ्याच्या मागे जायला डोकं लागत नाही." लेकीने काल नेमकं तेच काढलं. आजोबांनी आयुष्यभर तिसऱ्यालाच मत दिलं, त्यांचं मत वाया गेलं असं तू कधी म्हणालीस का?

मला उत्तर सुचलं नाही, अजूनही सुचलेलं नाही. कोणता पक्ष चांगला ही चर्चा इथे नको, त्यासाठी दुसरे धागे आहेत. जिंकण्याची शक्यताच नसलेल्या उमेदवाराला अध्यक्षीय निवडणुकीत मत द्यावं का, आणि तुम्ही दिलं असेल तर नंतर काय वाटलं, एवढंच विचारायचं आहे.

---

नंदू_ट्रॉय | १३ ऑक्टोबर, रात्री १०.२५

अबोलीताई, मी मिशिगनमध्येच राहतो, बावीस वर्षं झाली. २०१६ साली मी स्वतः स्टाइनला मत दिलं होतं, म्हणून लिहितो.

त्या वर्षी मिशिगन १०,७०४ मतांनी ट्रम्प यांच्याकडे गेलं. स्टाइनला इथे ५१,४६३ मतं होती. विस्कॉन्सिनमध्ये फरक २२,७४८ आणि स्टाइनची मतं ३१ हजार. पेनसिल्व्हेनियात फरक ४४,२९२ आणि तिची मतं जवळपास ५० हजार. ही तीन राज्यं फिरली असती तर अध्यक्ष बदलला असता.

माझ्या एका मताने काही झालं नसतं हे मला कळतं. पण त्या ५१ हजारांतल्या प्रत्येकाने हेच म्हटलं होतं. मतदानाच्या आदल्या रात्री मी बायकोला सांगितलं होतं, हिलरी जिंकणारच आहेत, मग मी मनातलं का देऊ नये? म्हणजे मनातलं मत देण्याची मोकळीक मी दुसऱ्यांच्या भरवशावर घेतली होती. ते बाकीचेही माझ्यासारखेच निघाले. ही गोष्ट मी आठ वर्षं बाळगून आहे.

लेकीवर ओरडू नका. पण तिला एकच विचारा. निकालाच्या रात्री मिशिगन शंभर मतांनी गेलं, तर दुसऱ्या दिवशी तिला कसं वाटेल? त्याचं उत्तर तिच्याकडे असेल तर तिने खुशाल द्यावं.

---

शार्दूल_ऑस्टिन | १४ ऑक्टोबर, सकाळी ७.५०

मी दुसऱ्या बाजूचा. २०१६ला गॅरी जॉन्सन, २०२०ला जो जॉर्गन्सन, दोघेही लिबर्टेरियन पक्षाचे. दोन्ही वेळा टेक्ससमध्ये, दोन्ही वेळा पूर्ण विचाराने.

'मतं खाल्ली' हा शब्दप्रयोग मला खुपतो. मत आधी कोणाच्या ताटात वाढलेलं असेल तरच ते खाल्लं म्हणता येईल. नंदूदादा, स्टाइनचे ५१ हजार तुम्ही मोजले, पण त्याच मिशिगनमध्ये जॉन्सनला १ लाख ७२ हजार मतं होती. ती कुठे गेली असती? काही रिपब्लिकनांकडे, काही डेमोक्रॅटांकडे आणि बरीचशी घरीच बसली असती. तीच गत स्टाइनच्या मतांची.

फ्लोरिडा २०००चं उदाहरण नेहमी दिलं जातं. बुश गोर यांच्यापेक्षा ५३७ मतांनी पुढे, ग्रीन पक्षाच्या नेडरला ९७,४८८. म्हणून सगळं खापर नेडरच्या माथी. पण तिथे मतपत्रिकेवर असलेल्या प्रत्येक छोट्या पक्षाला ५३७ पेक्षा जास्त मतं पडली होती. सोशालिस्ट वर्कर्स पार्टीलासुद्धा ५६२! मग त्यांनाही दोषी धरणार का? पाम बीचच्या त्या गोंधळाच्या मतपत्रिकेमुळे एकट्या त्या काउंटीत रिफॉर्म पक्षाच्या ब्यूकॅनन यांना ३,४०७ मतं पडली, त्यांतली किती चुकून पडली असतील? आणि मतमोजणी सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चारने थांबवली, त्याचं काय? इतक्या कारणांतून एकाच माणसाला उचलून गुन्हेगार ठरवणं सोपं असतं, कारण तो छोटा असतो.

दुसरं म्हणजे, हरणाऱ्याला दिलेलं मत काहीच करत नाही हे खरं नाही. १९९२ला अपक्ष रॉस पेरो यांना १८.९ टक्के मतं मिळाली, इलेक्टर (अध्यक्ष निवडणारे राज्याराज्यांतले प्रतिनिधी) एकही नाही. पण अर्थसंकल्पातली तूट हा विषय दोन्ही पक्षांना त्यानंतर टाळता आला नाही. १९९८ ते २००१ या सलग चार वर्षांत केंद्राचा अर्थसंकल्प शिलकीचा होता. हे सगळं पेरोंमुळे झालं असं मी म्हणत नाही, पण ते एक कोटी ९७ लाख मतदार घरी बसले असते तर इतकी निकड कोणाला वाटली असती?

---

मधुरा_क्वीन्स | १४ ऑक्टोबर, दुपारी १२.१५

आमच्याकडे प्रश्नच मिटवून टाकलाय. न्यू यॉर्कच्या मतपत्रिकेवर यंदा अध्यक्षपदासाठी दोनच नावं आहेत. २०२०मध्ये नियम बदलला. मतपत्रिकेवरची पक्षाची ओळ टिकवायला आता किमान १ लाख ३० हजार मतं किंवा दोन टक्के, यांतलं जे जास्त असेल ते लागतं. ग्रीन आणि लिबर्टेरियन दोघांचीही जागा गेली. तिसरा हवा असेल तर नाव हाताने लिहा.

पण इथे एक सोय आहे, बाहेरच्यांना ती माहीत नसते. एकच उमेदवार दोन पक्षांच्या ओळींवर उभा राहू शकतो. हॅरिस यांचं नाव डेमोक्रॅटिक ओळीवर आहे आणि वर्किंग फॅमिलीज पार्टीच्या ओळीवरही. ट्रम्प यांचं रिपब्लिकन आणि कॉन्झर्व्हेटिव्ह अशा दोन ओळींवर. मतं वेगवेगळी मोजतात आणि मग बेरीज करतात. म्हणजे मत जिंकू शकणाऱ्याला जातं, आणि आपण कोणत्या बाजूने आलो तेही आकड्यात दिसतं. मी दर वेळी वर्किंग फॅमिलीजच्या ओळीवर खूण करते. मिशिगनमध्ये हे असतं तर तुमच्या घरात दसऱ्याला भांडण झालं नसतं!

---

अबोली_एडिसन | १४ ऑक्टोबर, रात्री ८.३०

सगळ्यांचे आभार. नंदू, तुमचा प्रतिसाद मी लेकीला वाचून दाखवला. (ती मराठी बोलते, वाचायला वेळ लागतो.) ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "शंभर मतांनी गेलं तर मला वाईट वाटेल. पण मी हॅरिसना मत दिलं, त्या जिंकल्या आणि बॉम्ब तसेच पडत राहिले, तर मला जे वाटेल त्याबद्दल हे काका काही बोलत नाहीत."

दुसरं ती म्हणाली ते असं. दर वेळी 'या वेळी नको, ही फार महत्त्वाची निवडणूक आहे' असं सांगितलं जातं. मग कोणती निवडणूक कमी महत्त्वाची असते?

या दुसऱ्या प्रश्नापुढे मी खरोखर हतबल आहे.

---

विमो_पुणे | १५ ऑक्टोबर, सकाळी ६.१०

मी निवृत्त माणूस, अमेरिकेत मत नाही. पण सांगोल्याचा उल्लेख वाचून राहवलं नाही.

नातीला सांगा, तिचे आजोबा तिसऱ्याला मत देत नव्हते. सांगोल्यात शेकाप हा पहिला पक्ष होता. दिल्लीच्या नकाशावर तो ठिपका असेल, पण त्या तालुक्यात जिंकायचा तो त्यांचाच माणूस. आमदारकी मतदारसंघापुरती असते, म्हणून छोटा पक्ष एका तालुक्यात मुळं धरू शकतो. राष्ट्राध्यक्षाची खुर्ची एकच. तिथे सांगोला जिंकून भागत नाही. दोघांच्या मतांत हा फरक आहे आणि तो माणसाच्या निष्ठेत नसून पदाच्या रचनेत आहे.

आता आपल्याकडच्या राष्ट्रपती निवडणुकीचं सांगतो. १९६९. मी तेव्हा फर्ग्युसनला होतो आणि रेडिओला कान लावून बसलो होतो. संजीव रेड्डी काँग्रेसचे अधिकृत उमेदवार, व्ही. व्ही. गिरी अपक्ष पण इंदिराबाईंचा कल त्यांच्याकडे, आणि तिसरे उमेदवार आपले चिंतामणराव देशमुख. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, मुंबईच्या प्रश्नावर अर्थमंत्रिपद सोडणारे. स्वतंत्र पक्ष आणि जनसंघ त्यांच्या मागे होते. ते निवडून येणार नाहीत हे सगळ्यांना ठाऊक होतं.

पहिल्या पसंतीत गिरींना ४,०१,५१५, रेड्डींना ३,१३,५४८, देशमुखांना १,१२,७६९. हे मतांचं मूल्य आहे, डोकी नव्हेत. जिंकायला लागणारा कोटा ४,१८,१६९. गिरी पुढे होते पण कोट्याच्या खाली. मग मागच्या उमेदवारांच्या मतपत्रिकांवरची पुढची पसंती मोजली. देशमुखांची बहुतेक मतं रेड्डींकडे वळली, रेड्डी थेट ४,०५,४२७ वर गेले. गिरींना थोडीच मिळाली, पण तेवढ्याने ते ४,२०,०७७ वर पोहोचले आणि कोटा पार झाला.

माझा मुद्दा हा की देशमुखांना मत देणाऱ्या एकाही आमदाराचं मत वाया गेलं नाही. त्याने आपल्या पसंतीचा माणूस वर लिहिला, आणि शेवटच्या दोघांत कोण हवा हेही सांगितलं. आपल्या पदवीधर मतदारसंघातही असंच १, २, ३ लिहितात. तुमच्या अमेरिकेत लेकीला एकाच खुणेत दोन प्रश्नांची उत्तरं द्यायला लावतात, त्यामुळे घरात भांडणं होतात. दोष मुलीचा नाही.

---

ओंकार_पोर्टलंड_मेन | १५ ऑक्टोबर, रात्री ९.०५

काका, आमच्या मेनमध्ये हेच आहे! २०२०मध्ये अध्यक्षपदासाठी पसंतीक्रम वापरणारं मेन हे पहिलं राज्य, यंदा अलास्काही आहे. इथे ते आलं त्यामागे २०१०ची गव्हर्नरची निवडणूक होती. तीन-चार तगडे उमेदवार, आणि ३८ टक्क्यांच्याही आत मतं मिळवून एक जण निवडून आला. उरलेल्या साठ टक्क्यांना तो नको होता. लोक वैतागले, सह्या गोळा केल्या आणि २०१६ला जनमताने पद्धत बदलून घेतली. मी त्या वेळी दारोदार फिरलो होतो, बर्फात.

---

जुई_बोस्टन | १६ ऑक्टोबर, रात्री ११.२०

कोजागिरीचं दूध पिऊन बसले आहे, त्यामुळे लांबण लागली तर समजून घ्या.

या प्रश्नाचं सगळ्यात अवघड उदाहरण मला १८४४च्या अध्यक्षीय निवडणुकीचं वाटतं. लिबर्टी पार्टी, उमेदवार जेम्स बर्नी, गुलामगिरीविरुद्ध उघडपणे उभा असलेला एकमेव पक्ष. व्हिग पक्षाचे हेन्री क्ले स्वतः गुलाम बाळगणारे, पण टेक्सस लगेच देशात सामील करायला कचरणारे. डेमोक्रॅट पोक टेक्सससाठी उतावीळ. म्हणजे गुलामगिरी नको असलेल्या माणसापुढे दगड आणि वीट. न्यू यॉर्कमध्ये पोक ५,१०६ मतांनी जिंकले. बर्नींना तिथे १५,८१२ मतं होती. न्यू यॉर्क क्लेंकडे आलं असतं तर ते अध्यक्ष झाले असते. पुढे टेक्सस आलं, मेक्सिकोशी युद्ध झालं, आणि गुलामगिरीला पसरायला नवा मुलूख मिळाला.

इथवर नंदूदादांचं म्हणणं शंभर टक्के बरोबर. ज्यांना गुलामगिरी सर्वांत जास्त नको होती, त्यांच्याच मतांनी तिला बळ दिलं.

पण गोष्ट तिथे संपत नाही. तीच माणसं पुढे फ्री सॉइल पार्टीत गेली, तिथून १८५४मध्ये रिपब्लिकन पक्षात. व्हिग पक्ष मोडला. १८६०ला लिंकन चाळीस टक्क्यांच्या आत मतं घेऊन अध्यक्ष झाले. १८४४ला सगळ्यांनी शहाणपणाने क्लेंना मत दिलं असतं, तर गुलामगिरीविरोधी मतांचा गठ्ठा आहे हे दिसलं असतं का? मला प्रामाणिकपणे वाटतं, दिसलं नसतं. आणि तरीही, मधल्या सोळा वर्षांत जे गुलाम म्हणून जगले-मेले त्यांच्यापुढे उभं राहून मी हे म्हणू शकेन का, ते माहीत नाही.

एक फरक मात्र लक्षात घ्या. लिबर्टीवाले निवडणुकांच्या मधल्या काळात झोपले नव्हते. सभा, वर्तमानपत्रं, काँग्रेसमधल्या जागा, सगळं चालू होतं. ग्रीन पक्षाबद्दल माझी तक्रार ती आहे. दर चार वर्षांनी एक चेहरा अध्यक्षपदासाठी उभा राहतो, आणि मधे स्थानिक पातळीवर काम फार कमी दिसतं. पाच टक्के राष्ट्रीय मतं मिळाली तर पुढच्या निवडणुकीत सरकारी निधी मिळतो, हे आमिष दर वेळी दाखवतात. नेडर २.७ टक्क्यांवर थांबले, २०१६ला स्टाइन १ टक्क्यावर. उलट सेनेटर बर्नी सँडर्स बघा, १९८१ला बर्लिंग्टनचे महापौर झाले ते अपक्ष म्हणून, दहा मतांनी. तिथून सुरुवात केली.

अबोलीताई, आणि एक गंमत लेकीला सांगा. ती जिथे शिकते त्याच अ‍ॅन आर्बरमध्ये ७०च्या दशकात ह्यूमन राइट्स पार्टी नावाचा तिसरा पक्ष होता, विद्यार्थ्यांच्या जोरावर. डेमोक्रॅटांची मतं फुटायची आणि रिपब्लिकन निवडून यायचा. म्हणून गावाने १९७४ला पसंतीक्रम आणला. १९७५च्या महापौर निवडणुकीत रिपब्लिकन उमेदवार पहिल्या पसंतीत पुढे होता, पण तिसऱ्या पक्षाची दुसरी पसंती मोजल्यावर अल्बर्ट व्हीलर १२१ मतांनी जिंकले. अ‍ॅन आर्बरचे पहिले कृष्णवर्णीय महापौर. पुढच्याच वर्षी ती पद्धत रद्द केली गेली. २०२१ला तिथल्या मतदारांनी पुन्हा तिच्या बाजूने कौल दिलाय, पण राज्याचा कायदा परवानगी देईल तेव्हाच ती लागू होणार.

---

केदार_फिली | १८ ऑक्टोबर, संध्याकाळी ६.४५

यावर व्यवहारी उपाय सुचवू का? अदलाबदल करा. २०००मध्ये यासाठी वेबसाइटी निघाल्या होत्या. स्विंग स्टेटमधला (जिथे निकाल कुठेही झुकू शकतो अशा राज्यातला) नेडरवाला गोरना मत देणार, आणि त्याच्या बदल्यात सुरक्षित राज्यातला गोरवाला नेडरना. कॅलिफोर्नियाने त्यावर कारवाईची धमकी दिली, प्रकरण न्यायालयात गेलं आणि २००७मध्ये नवव्या सर्किटच्या अपील न्यायालयाने सांगितलं की पैशाचा व्यवहार नसल्याने हे अभिव्यक्तीच्या स्वातंत्र्यात बसतं.

तुम्ही न्यू जर्सीत आहात. २०२०ला तिथे बायडन जवळजवळ १६ टक्क्यांनी पुढे होते. तुम्ही स्टाइनना द्या, लेक हॅरिसना देईल. ग्रीनचं राष्ट्रीय मत तेवढंच राहील आणि मिशिगनमध्ये धोका नाही. मायलेकींत फसवणुकीचा प्रश्नही नाही.

---

समिधा_सनीव्हेल | १८ ऑक्टोबर, रात्री १०.५०

मी हा धागा रोज वाचते आहे आणि आज लिहिल्याशिवाय झोप येणार नाही.

मी एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर आहे. ग्रीन कार्डच्या रांगेत बारा वर्षं. माझी मुलगी एकवीस वर्षांची झाली की माझ्या अर्जातून बाहेर पडेल. या देशात मी कर भरते, पीटीएत काम करते, पण मत नाही. माझ्या घराचं काय होणार ते तुमच्या मतांवर ठरतं.

अदलाबदल, इतिहास, गणित सगळं वाचलं. मला एवढंच म्हणायचं आहे की मत ही फक्त देणाऱ्याच्या मनाची गोष्ट नाही. ज्यांना ते देता येत नाही अशी माणसंही त्याखाली येतात. अबोलीताई, तुमच्या लेकीच्या रूममेटचं आजोळही त्यात आलं, मी ते विसरलेले नाही. म्हणून तिने कोणाला मत द्यावं हे मी सांगणार नाही. पण "माझी सदसद्विवेकबुद्धी स्वच्छ राहिली पाहिजे" हा एकच निकष असेल, तर त्यात मी कुठेच नाही.

---

शार्दूल_ऑस्टिन | १९ ऑक्टोबर, सकाळी ८.१५

समिधाताई, हे वाचून थांबलो. माझ्याकडे याला उत्तर नाही. मी जॉर्गन्सनना मत दिलं तेव्हा माझ्या हातात नागरिकत्व होतं, आणि टेक्सस सहा लाखांहून जास्त मतांनी गेलं. फरक काही हजारांचा असता तर मी तेच केलं असतं का? वाटतं केलं असतं. पण आता तेवढ्या खात्रीने म्हणवत नाही.

---

अबोली_एडिसन | ४ नोव्हेंबर, रात्री १०.००

दिवाळीच्या गडबडीत लिहायचं राहून गेलं.

केदार, तुमची सूचना मी फोनवर लेकीपुढे ठेवली. मला ती खरंच आवडली होती, सगळ्यांचं भागतंय असं वाटलं होतं. तिने नाही म्हटलं. "तू तुला न पटणारं मत देणार, मी मला न पटणारं. मग दोन्ही मतांत खरं कोण बोलतंय?" मी म्हटलं, बेरीज तर बरोबर येते. ती म्हणाली, "आई, मला माझं पहिलं मत कोणाच्या तरी बदल्यात द्यायचं नाहीये." माझ्याही मनात कुठेतरी हेच होतं, फक्त तिने ते बोलून दाखवलं.

समिधाचा प्रतिसाद मी तिला तसाच पाठवला, भाषांतर न करता. तिने तो स्वतः वाचला, अडलेले दोन शब्द विचारले. 'सदसद्विवेकबुद्धी' हा त्यातला एक. त्यावर तिने काहीही म्हटलं नाही.

मी पोस्टाने आलेल्या मतपत्रिकेवर हॅरिस यांच्या नावापुढची जागा भरून ती पेटीत टाकली. काल भाऊबीज. लेक अर्ली व्होटिंगच्या रांगेत उभी राहिली, रूममेटबरोबर. संध्याकाळी 'मी मतदान केलं'च्या स्टिकरचा फोटो आला. मी विचारलं नाही, तिने सांगितलं नाही. नवऱ्याला राहवत नव्हतं, पण मी त्याला फोन दिला नाही.

---

नंदू_ट्रॉय | ७ नोव्हेंबर, सकाळी ६.३०

आकडे येत आहेत, म्हणून इथे नोंदवतो. मिशिगन ट्रम्प यांच्याकडे, फरक ८० हजारांच्या आसपास. स्टाइन ४५ हजारांच्या आत. म्हणजे तिची सगळी मतं हॅरिसना गेली असती तरी निकाल तोच राहिला असता. डिअरबॉर्नमध्ये ट्रम्प सुमारे ४२ टक्के, हॅरिस ३६, स्टाइन १८. ऑगस्टमध्येच माघार घेतलेले अपक्ष रॉबर्ट केनेडी (ज्युनिअर) मतपत्रिकेवर राहिले होते, त्यांनाही हजारो मतं पडली आहेत.

अबोलीताई, मी तुमच्या लेकीला शंभर मतांचा प्रश्न विचारायला लावला होता. या वेळी तो प्रश्न लागू पडला नाही. तरी तो विचारला याचं मला वाईट वाटत नाही, कारण ४ तारखेला हे कोणालाच माहीत नव्हतं. पण तिच्या डोक्यावर मी जरा जास्त ओझं ठेवलं का, असं मात्र रात्रभर वाटत होतं.

---

अबोली_एडिसन | ८ नोव्हेंबर, रात्री ९.१५

नंदू, तुम्ही ठेवलेलं ओझं तिने नीट उचललं, काळजी करू नका.

मला धक्का बसला तो माझ्याच राज्याचा. ज्या न्यू जर्सीला आम्ही सगळे सुरक्षित म्हणत होतो, केदारने सोळा टक्क्यांचा आकडा दिला होता, तिथे या वेळी फरक सहा टक्क्यांच्या आसपास आलाय. आमच्या एडिसनच्या गल्लीतले प्रचाराच्या पाट्यांचे रंग बघून मला ते कळायला हवं होतं. मी अदलाबदल करायला निघाले होते ते 'इथे माझ्या मताने काही बिघडत नाही' या भरवशावर. २०१६ला नंदूंनी जे बायकोला सांगितलं होतं, तेच मी या वेळी म्हणत होते.

लेकीशी काल तासभर बोलले. ती रडली, मग रूममेट खोलीत आली म्हणून थांबली. मत कोणाला दिलं ते अजून आमच्यात निघालेलं नाही आणि आता ते निघावं असं मलाही वाटत नाही. जुई, तुम्ही सांगितलेली व्हीलर यांची १२१ मतांची गोष्ट तिने कॉलेजच्या वाचनालयात जाऊन शोधली, तेव्हाची गावातली वर्तमानपत्रं काढली. मिशिगनमध्ये पसंतीक्रमासाठी जनमत घ्यावं म्हणून सह्यांची मोहीम उभी राहते आहे, त्या लोकांना ती पुढच्या आठवड्यात भेटणार आहे. शिवाय एका विषयासाठी तिला निबंध लिहायचा आहे आणि त्यात तिला अ‍ॅन आर्बर १९७५ आणि दिल्ली १९६९ शेजारी शेजारी ठेवायचं आहे.

त्यासाठी विमोकाकांना तिचा एक प्रश्न आहे. तुम्ही लिहिलं होतं की आकडे म्हणजे मतांचं मूल्य, डोकी नव्हेत. एका आमदाराच्या मताचं मूल्य कसं काढतात?

---

विमो_पुणे | ९ नोव्हेंबर, सकाळी ५.५५

नातीला सांगा, सोपं आहे. राज्याची लोकसंख्या भागिले निवडून आलेल्या आमदारांची संख्या, आणि जे येईल ते भागिले एक हजार. त्या वेळी लोकसंख्या १९६१च्या जनगणनेची धरली होती. सगळ्या राज्यांतल्या आमदारांच्या मूल्यांची बेरीज करून तिला निवडून आलेल्या खासदारांच्या संख्येने भागलं की एका खासदाराचं मूल्य मिळतं. म्हणजे सगळे आमदार मिळून एका पारड्यात आणि सगळे खासदार मिळून दुसऱ्या पारड्यात, वजन सारखं.

निबंध इंग्रजीत असेल तरी चालेल, झाला की मला पाठवायला सांगा. चिंतामणरावांचं पूर्ण नाव चिंतामण द्वारकानाथ देशमुख. 'द्वारकानाथ' गाळू नको म्हणावं.